कात्री एकच, मुभा निराळी

थायमस नावाच्या ग्रंथीला १९६१ पर्यंत वैद्यकात फारसं कुणी विचारत नव्हतं. ती छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. लहानपणी चांगली मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. मोठ्या जनावराची थायमस काढून टाकली तरी त्याचं काही अडत नाही, असं प्रयोगांत दिसलं होतं. त्यामुळे ही उत्क्रांतीत मागे उरलेली अडगळ असावी, असं भल्याभल्यांचं मत होतं.

जाक मिलर हे तिशीतले ऑस्ट्रेलियन डॉक्टर तेव्हा लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्या कामाच्या ओघात त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. अंगावर पीत होती तोवर पिल्लं ठीक होती. दूध तुटल्यावर मात्र ती खंगू लागली आणि साध्यासुध्या संसर्गांनी मरू लागली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी फारच कमी होत्या. परक्या उंदराच्या कातडीचा तुकडा त्यांना जोडला तर तो खुशाल टिकत होता. मोठ्या जनावरात हे दिसलं नव्हतं, कारण तोवर त्याच्या थायमसने आपलं काम उरकलेलं होतं. मिलर यांचा निबंध १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, पण तेवढ्याने सगळ्यांची खात्री पटली नाही. पीटर मेडावर यांच्यासारख्या नोबेलविजेत्यानेही त्यानंतर दोन वर्षांनी थायमसमधल्या लिम्फोसाइटना फार महत्त्व देण्याचं कारण नाही, असंच मत दिलं. अखेर १९६८ मध्ये मेलबर्नला मिलर आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी लिम्फोसाइट दोन जातींच्या असतात हे दाखवून दिलं. अस्थिमज्जेत घडणाऱ्या बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतात. थायमसमध्ये घडणाऱ्या टी पेशींचं काम निराळं असतं.

थायमसमध्ये टी पेशी 'घडते' म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली. त्या उलगड्याचा पूर्वार्ध, म्हणजे पेशी आपली जनुकं कापून जोडते हा शोध, खूप गाजला आणि त्याला नोबेलही मिळालं. त्या कापाकापीवर लगाम कुणाचा, हा उत्तरार्ध तेवढा गाजला नाही. मला विचाराल तर खरी कमाल उत्तरार्धात आहे.

मुळात कापाकापीची गरज का पडावी? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली. ही रसायनं निसर्गात कधी नव्हतीच, तरी प्राण्यांनी त्यांच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडं तयार केली. ज्या वस्तूशी एकाही पूर्वजाची गाठ पडलेली नाही, तिची तयारी शरीरात आली कुठून? प्रतिपिंड समोरच्या पदार्थाच्या आकारावर बेतून आयत्या वेळी घडत असावं, असं लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये सुचवलं. ते चूक निघालं. प्रतिपिंडांची विविधता शरीरात आधीपासूनच असते, अशी उलटी मांडणी १९५५ मध्ये नील्स येर्ने यांनी केली. मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये ती पेशींवर नेली. त्यांच्या मते प्रत्येक लिम्फोसाइटवर एकाच घडणीचा रिसेप्टर, म्हणजे परका पदार्थ ओळखणारं प्रथिन, असतो, आणि रोगजंतू आला की ज्या पेशीचा रिसेप्टर त्याला जुळतो ती पेशी भराभर वाढते.

हा विचार टिकला, पण त्याने हिशेबाचा घोळ उभा केला. एका जनुकातून एक प्रथिन, हा तेव्हाचा पक्का नियम होता. कोट्यवधी घडणींचे रिसेप्टर हवे तर कोट्यवधी जनुकं हवीत, आणि तेवढी मावायला डीएनएत जागाच नाही. प्रथिनं बनवणारी जनुकं माणसात सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास भरतात, हे आता ठाऊक आहे. १९६५ मध्ये विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी एक तोड सुचवली. प्रतिपिंडाचा बदलता भाग आणि स्थिर भाग वेगवेगळ्या जनुकांत असतील आणि पेशी घडताना ती जनुकं एकत्र जोडली जात असतील. जिवंत पेशी स्वतःचाच डीएनए कापते आणि पुन्हा जोडते, ही कल्पना त्या काळी बहुतेकांच्या पचनी पडली नाही.

ती सिद्ध केली सुसुमु तोनेगावा यांनी, तीही एका अर्थी व्हिसाच्या कृपेने. नागोयात जन्मलेले आणि क्योतोत शिकलेले तोनेगावा अमेरिकेत रेनातो दुल्बेको यांच्या प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करत होते. १९७० च्या अखेरीस व्हिसाची मुदत संपली आणि त्यांना देश सोडणं भाग पडलं. दुल्बेको यांनी त्यांना स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे नव्याने उभ्या राहणाऱ्या इम्युनॉलॉजी संस्थेचं नाव सुचवलं. हॉफमन-ला रॉश या औषध कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या त्या संस्थेचे संचालक होते तेच नील्स येर्ने. तोनेगावा यांना रोगप्रतिकाराचं जवळपास काहीच येत नव्हतं, पण डीएनए हाताळण्याची नवी तंत्रं येत होती आणि तीच इथे उपयोगी पडली.

नोबुमिची होझुमी यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या गाठीतला डीएनए घेतला. एका विकराने दोन्हींचे ठरावीक जागी तुकडे केले आणि जेलमध्ये ते लांबीप्रमाणे वेगळे पाडले. मग बदलता आणि स्थिर भाग कोणत्या तुकड्यांत आहेत, ते किरणोत्सारी आरएनएने शोधलं. गर्भात हे दोन भाग दोन वेगळ्या तुकड्यांवर होते. गाठीत ते एकाच तुकड्यावर होते, आणि तो तुकडा आधीच्या दोन्हींपेक्षा लहान होता. याचा अर्थ गर्भापासून प्रौढ पेशीपर्यंतच्या प्रवासात डीएनए हलला होता. १९७६ मध्ये हा निबंध छापला गेला आणि अकरा वर्षांनी तोनेगावा यांना एकट्याला नोबेल मिळालं.

पुढच्या चार-पाच वर्षांत बाकीचा तपशील भरला गेला. त्यात तोनेगावांसोबत फिलिप लेडर आणि लिरॉय हूड यांच्या प्रयोगशाळांचा वाटा मोठा होता. बदलता भागही सलग नसतो. तो व्ही, डी आणि जे अशा तुकड्यांतून जुळवावा लागतो. प्रत्येक जातीचे अनेक तुकडे ओळीने मांडलेले असतात, त्यांतला एकेक निवडला जातो आणि मधला डीएनए बहुतेकदा बाहेर पडतो. सांध्यावर काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात. विविधतेचा मोठा हिस्सा या गळतीतून आणि भरीतूनच येतो. कुठे कापायचं याची खूण प्रत्येक तुकड्याच्या कडेला असते. तिच्यात सात अक्षरांचा एक क्रम आणि नऊ अक्षरांचा दुसरा असतो, आणि त्यांच्यामध्ये १२ किंवा २३ अक्षरांचं अंतर असतं. १२ अक्षरांची खूण फक्त २३ अक्षरांच्या खुणेशी जुळते. त्यामुळे चुकीचे तुकडे सहसा एकमेकांना चिकटत नाहीत.

हे सगळं झालं बी पेशींचं. टी पेशींचा रिसेप्टर मात्र हाती लागत नव्हता. प्रतिपिंडं रक्तात मोकळी फिरतात, बाटलीत भरून तपासता येतात. टी पेशीचा रिसेप्टर पेशीच्या आवरणातच रुतून बसतो. कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ पर्यंत दाखवलं होतं की टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. शरीराच्या स्वतःच्या ओळखखुणेसोबत विषाणूचा अंश दिसला तरच ती हलते. त्यामुळे रिसेप्टर एक की दोन, असा वाद सुरू झाला. सत्तरच्या दशकात या विषयावर निबंधांचा ढीग साचला, आणि त्यातला बराचसा पुढे निकामी ठरला. टी पेशींच्या दमनकारी घटकाशी जोडलेलं 'आय-जे' नावाचं एक जनुक कित्येक वर्षं चर्चेत होतं. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्या जागेचा डीएनए प्रत्यक्ष तपासला, तर तिथे असं जनुक नव्हतंच. एखाद्या विषयाची इतकी फजिती विज्ञानात वारंवार होत नाही.

कोंडी फोडली मार्क डेव्हिस आणि स्टीव्हन हेड्रिक यांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. त्यांची युक्ती वजाबाकीची होती. टी आणि बी पेशींमध्ये चालू असलेली जनुकं जवळपास सगळी सारखीच असतात, फरक असतो तो सुमारे २ टक्क्यांचा. म्हणून टी पेशीच्या आरएनएतून बी पेशीत सापडणारं सगळं वजा करायचं. त्यातही पेशीच्या आवरणाकडे जाणाऱ्या प्रथिनांचाच आरएनए घ्यायचा, कारण रिसेप्टर तिथेच असणार. उरलेल्या मोजक्या जनुकांपैकी टी पेशीत ज्याचा डीएनए हललेला दिसेल, ते रिसेप्टरचं. असं एक जनुक निघालं. तिकडे टोरोंटोत ताक वा माक यांच्या गटाने माणसाच्या टी पेशींतून तसंच जनुक काढलं. ८ मार्च १९८४ च्या 'नेचर'मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकाच अंकात आले. हे होतं रिसेप्टरच्या दोन प्रथिनसाखळ्यांपैकी बीटा साखळीचं जनुक. तिच्या जोडीची अल्फा साखळी शोधताना तोनेगावा यांच्या गटाला आधी भलतंच जनुक मिळालं. ते गॅमा ठरलं आणि टी पेशींची एक निराळीच जात उजेडात आली. अल्फाचं जनुक वर्षअखेरीस मिळालं. चौथं, डेल्टा, १९८७ मध्ये डेव्हिस यांच्या गटाला अल्फाच्या जनुकाच्या पोटात सापडलं. अल्फाचे व्ही तुकडे एका बाजूला, जे तुकडे दुसऱ्या बाजूला आणि डेल्टाचा बराचसा सरंजाम मध्ये, अशी ती रचना आहे. म्हणजे पेशीने अल्फा जोडलं की डेल्टा कापून बाहेर पडणारच. ही रचना लक्षात ठेवायला हवी, पुढे तिला फार महत्त्व आहे.

टी पेशींची जनुकं हाती येताच एक अडचणीचा प्रश्न पुढे आला. त्यांच्या तुकड्यांच्या कडेच्या खुणा बी पेशींच्या खुणांसारख्याच होत्या. सातचा क्रम तोच, नऊचा तोच, १२ आणि २३ ची अंतरंही तीच. मग बी पेशी टी पेशीच्या रिसेप्टरचं जनुक का जोडत नाही? आणि टी पेशी प्रतिपिंडाचं जनुक क्वचित अर्धवट जोडून मध्येच का सोडते? दोन्हींकडे कापणारी कात्री वेगवेगळी असावी, हे सगळ्यात सोपं उत्तर होतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेडरिक आल्ट आणि त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज यान्कोपुलोस यांना निराळी शंका होती. बी पेशीच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत, व्ही तुकडे जोडले जायच्या आधी, त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. हे तुकडे जोडलेले नसतानाही त्यांचे आरएनए निघत होते. अशा आरएनएपासून कामाचं प्रथिन बनू शकत नाही. मग पेशी हा खटाटोप कशासाठी करते? आरएनए निघतो याचा अर्थ त्या जागेचा डीएनए मोकळा झाला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, आणि त्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी घट्ट असेल तर खूण असूनही कात्रीला ती दिसणार नाही, सैल असेल तर दिसेल. कात्री एकच असेल आणि कोणत्या पेशीत, कधी, कोणता भाग सैल करायचा हे नेहमीची जनुकनियंत्रक यंत्रणा ठरवत असेल, असा त्यांचा तर्क होता. १९८५ मध्ये तो 'सेल'मध्ये छापून आला.

पुढच्या वर्षी त्याची परीक्षा झाली. त्यांनी टी पेशीच्या रिसेप्टरचे न जोडलेले तुकडे बाहेरून कच्च्या बी पेशीत घातले, आणि बी पेशीने ते जोडले. त्याच पेशीत तिचे स्वतःचे, जन्मापासून असलेले टी रिसेप्टरचे तुकडे मात्र जसेच्या तसे पडून होते. क्रम तोच, खुणा त्याच आणि पेशीही तीच. बाहेरून आलेले तुकडे जिथे जाऊन बसले तिथला डीएनए सैल होता, घरचे तुकडे घट्ट मिटलेले होते, एवढाच फरक. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. कात्री अजून कुणी पाहिलेलीही नव्हती, आणि ती एकच आहे हे सिद्ध झालं होतं. यान्कोपुलोस यांनी पुढे विद्यापीठ सोडून रिजेनेरॉन ही औषध कंपनी नावारूपाला आणली. त्यांचं नाव आज त्यासाठीच जास्त घेतलं जातं.

कात्री सापडली ती एमआयटीच्या व्हाइटहेड संस्थेत, डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत. डेव्हिड शाट्झ यांनी एक कृत्रिम जनुक बेतलं. त्यात औषधापासून वाचवणारं जनुक दोन खुणांच्या मध्ये उलटं ठेवलं होतं. कात्री चालली तर ते सुलट होईल आणि पेशी औषधातून वाचेल, नाहीतर मरेल. ही रचना त्यांनी कातडीतल्या तंतुपेशींसारख्या पेशींत घातली. अशा पेशींत जोडणीचं काम कधीच होत नाही. मग त्यांच्यात संपूर्ण जीनोमचे तुकडे सोडून पाहिले, आणि काही पेशी वाचल्या. म्हणजे कात्रीचं जनुक एका तुकड्यावर मावत होतं. १९८९ मध्ये ते वेगळं काढलं आणि त्याला 'आरएजी-१' नाव मिळालं. पण त्याचं प्रथिन एकटं घातलं की काम जेमतेम होत होतं, आणि हे कोडं काही महिने सुटेना. मार्जोरी ओटिंजर यांच्या लक्षात आलं की आरएजी-१ च्या शेजारीच, उंदरात जेमतेम आठ हजार अक्षरांच्या अंतरावर, दुसरं जनुक आहे. १९९० मध्ये आरएजी-२ जाहीर झालं. दोन्ही मिळून काम हजारपटींहून जास्त वाढलं.

त्यानंतर १९९२ मध्ये ज्या उंदरांची ही जनुकं एकेक करून निकामी केली, त्यांच्यात प्रौढ बी पेशीही नव्हत्या आणि टी पेशीही नव्हत्या. कात्री खरोखर एकच होती.

आता प्रश्न उरला तो लगामाचा. १९९६ मध्ये मार्क श्लिसेल यांच्या गटाने आल्ट यांचा तर्क परीक्षानळीत आणला. ज्या पेशींत स्वतःची कात्री नाही अशा पेशींची केंद्रकं काढून त्यांवर बाहेरून शुद्ध आरएजी प्रथिन सोडलं. टी वंशाच्या केंद्रकात टी रिसेप्टरची जनुकं कापली गेली आणि बी वंशाच्या केंद्रकात प्रतिपिंडांची. केंद्रक ज्या अवस्थेतल्या पेशीचं, त्याच अवस्थेत जे कापलं जायला हवं तेच कापलं गेलं. त्याच केंद्रकांतला डीएनए हिस्टोनांपासून सोडवून दिला की मात्र कात्री सगळीकडे चालायची. कुठे आणि कधी याचा निर्णय कात्रीत नव्हता. तो डीएनएच्या गुंडाळीत होता.

ही गुंडाळी कोण सैल करतं, याचं उत्तर त्याच सुमारास उंदरांमधून येत होतं. जनुकांच्या आसपास 'एन्हान्सर' म्हणून ओळखले जाणारे डीएनएचे छोटे पट्टे असतात. त्यांवर नियामक प्रथिनं येऊन बसतात आणि दूरच्या जनुकालाही चालना देतात. टी रिसेप्टरच्या प्रत्येक जनुकसमूहाचे स्वतःचे एन्हान्सर १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडले होते. तयार झालेलं जनुक जोरात चालवणं हेच त्यांचं काम, असं तेव्हा वाटायचं. १९९६ मध्ये आल्ट यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये मार्सेइच्या पियेर फेरिये यांच्या गटाने स्वतंत्रपणे बीटाचा एन्हान्सर कापून काढला. बीटाचे तुकडे जोडले जाणं जवळजवळ थांबलं. तुकडे शाबूत, खुणा शाबूत, कात्रीही शाबूत. गेला होता फक्त काहीशे अक्षरांचा एक पट्टा, आणि तोही ज्या तुकड्यांवर परिणाम करत होता त्यांच्यापासून दूर. पुढच्या वर्षी अल्फाच्या एन्हान्सरबाबतही तसंच दिसलं.

एन्हान्सर जागा ठरवतो, तसा काळही ठरवतो. त्यासाठी थायमसमधलं वेळापत्रक पाहावं लागेल. अस्थिमज्जेतून आलेली कोवळी पेशी थायमसमध्ये शिरते तेव्हा ती नक्की काय होणार हे ठरलेलं नसतं. आधी डेल्टा, गॅमा आणि बीटा या तीन जनुकांची जुळवाजुळव सुरू होते. बीटात पहिल्यांदा डी आणि जे जोडले जातात, मग त्यांना व्ही. अल्फा या काळात मिटलेलंच असतं. बीटा नीट जुळलं की त्याची साखळी एका तात्पुरत्या जोडीदार साखळीसोबत पेशीच्या आवरणावर येते आणि आत संदेश जातो. तो संदेश मिळाला की चार गोष्टी होतात. पेशी जगते. ती भराभर विभाजित होते. विभाजनाच्या काळात आरएजी-२ प्रथिन नष्ट केलं जातं, म्हणजे डीएनएची प्रत निघत असताना कात्री चालू राहत नाही. आणि बीटाचे व्ही तुकडे पुन्हा मिटतात. दुसऱ्या गुणसूत्रावर तोच सरंजाम असूनही तिथे आता जोडणी होत नाही, म्हणून एका टी पेशीवर साधारणपणे एकाच घडणीची बीटा साखळी दिसते. हे मिटणं नसतं तर विभाजनानंतर कात्री परतल्यावर तिने बीटाच पुन्हा कापलं असतं.

विभाजनं थांबली की कात्री परत येते, आणि आता सैल असतं ते अल्फा. डेल्टा अल्फाच्या पोटात असल्यामुळे इथे एक पेच होता: एकाच सलग डीएनएवर डेल्टा आधी आणि अल्फा नंतर, हे कसं साधतं? ड्यूक विद्यापीठात मायकल क्रँगल यांनी मानवी डेल्टा तुकड्यांचा एक छोटा संच उंदरात घातला. सोबत डेल्टाचा स्वतःचा एन्हान्सर ठेवला तर जोडणी थायमसच्या सुरुवातीच्या पेशींत पुरी झाली. तेवढाच पट्टा काढून त्या जागी अल्फाचा एन्हान्सर बसवला तर तेच तुकडे उशिरा, अल्फाच्या वेळी जोडले गेले. तुकडे डेल्टाचे असून घड्याळ मात्र एन्हान्सरचं.

अल्फाच्या आत आणखी एक वेळापत्रक आहे. त्याच्या साठेक जे तुकड्यांपैकी आधी पुढच्या टोकाचे वापरले जातात. त्या टोकाशी 'टीईए' नावाचा प्रोमोटर आहे, जिथून आरएनए निघायला सुरुवात होते. तो काढला तर पुढचे जे तुकडे वापरातून जातात, हे १९९६ मध्ये दिसलं. क्रँगल यांच्या गटाने दहा वर्षांनी आरएनए वाचणारी यंत्रणा अल्फाच्या वाटेत मध्येच थांबवून पाहिली, तेव्हा त्यापुढची जोडणी बिघडली. आल्ट आणि यान्कोपुलोस यांना १९८५ मध्ये सापडलेला तो 'निरुपयोगी' आरएनए किमान इथे तरी नुसती खूण नव्हता. तो निघण्याची क्रियाच गुंडाळी सैल करत होती. पहिली अल्फा साखळी कामाची निघाली नाही तर पेशी मागच्या जे तुकड्यांकडे सरकत पुन्हा जोडणी करून पाहते. तीन-चार दिवसांत रिसेप्टर जमला नाही तर ती मरते. थायमसमध्ये जन्मणाऱ्या बहुसंख्य पेशींचा शेवट असाच होतो.

त्यानंतरची पंधरा वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातली बरीच तंत्रं फक्त त्या क्षेत्रातल्यांनाच रस वाटावा अशी आहेत. २००७ मध्ये ओटिंजर आणि स्टीफन डेसिडेरिओ यांच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दाखवली. चालू जनुकांच्या हिस्टोनवर एक रासायनिक ठसा असतो, आणि आरएजी-२ प्रथिनाचा एक भाग तो ठसा ओळखून त्याला चिकटतो. म्हणजे कात्रीला सैल जागा नुसती सापडत नाही, ती तिथे जाऊन बसते. शाट्झ यांच्या गटाने २०१० मध्ये आरएजी पेशीत प्रत्यक्ष कुठे बसलेलं असतं ते पाहिलं, तर ते मुख्यतः जे तुकड्यांच्या छोट्या पट्ट्यात होतं. दूरवरच्या व्ही तुकड्यांनी मग त्या जागेपर्यंत यायचं, त्यासाठी गुणसूत्राला वळसे पडतात. हे वळसे कोहेसिन आणि सीटीसीएफ ही प्रथिनं घडवतात. आल्ट, जे एव्हाना हार्वर्डला होते, त्यांच्या गटाने या वळशांचा मोठा पाठपुरावा केला आहे.

एवढा लगाम लागतो कशाला, ते तो सुटल्यावर कळतं. लहान मुलांच्या टी पेशींच्या रक्तकर्करोगात कधीकधी ११ व्या गुणसूत्राचा तुकडा १४ व्या गुणसूत्रावर, नेमका अल्फा-डेल्टाच्या जागी, जोडला गेलेला असतो. ११ व्या गुणसूत्रावरचं एलएमओ-२ नावाचं एरवी टी पेशीत मिटलेलं जनुक मग टी रिसेप्टरच्या जोरदार एन्हान्सरच्या हाती सापडतं. टेरेन्स रॅबिट्स यांच्या गटाने केंब्रिजमध्ये १९९० च्या आसपास हे उलगडलं. विलक्षण योगायोग असा, की पॅरिसमध्ये २००० च्या सुमारास प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर जनुकोपचार झाले, तेव्हा काही मुलांना नंतर रक्ताचा कर्करोग झाला, आणि त्या उपचारातला विषाणू एलएमओ-२ च्याच शेजारी जाऊन बसलेला आढळला.

कात्रीच मोडकी असेल तर दुसरं टोक गाठलं जातं. तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता, म्हणजे 'स्किड', या आजारात बाळ टी पेशींशिवाय जन्मतं. अशा काही बाळांत आरएजीची जनुकं बिघडलेली असतात, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. दोष अर्धवट असेल तर ओमेन सिंड्रोम होतो. त्यात जेमतेम जोडल्या गेलेल्या मोजक्या टी पेशी बेफाम वाढून बाळाच्या स्वतःच्याच कातडीवर आणि आतड्यांवर उठतात. आरएजी-२ चा हिस्टोनवरचा ठसा वाचणारा भाग बिघडला तरी हा आजार होऊ शकतो.

स्किडची जन्मतःच चाहूल लागावी यासाठी जी चाचणी आहे, ती थेट डेल्टाच्या त्या विचित्र जागेमुळे शक्य झाली. अल्फा जोडण्याच्या वाटेवर डेल्टा कापून बाहेर पडतं, तेव्हा त्या तुकड्याची टोकं जुळून डीएनएचं एक वर्तुळ तयार होतं. पेशी विभाजित होते तेव्हा या वर्तुळाची प्रत निघत नाही. त्यामुळे ही वर्तुळं मुख्यतः थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशींत मिळतात. डॅनियल डूएक यांच्या गटाने १९९८ मध्ये त्यांची मोजणी करून थायमस किती चालते आहे हे ठरवून दाखवलं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबातही ही मोजणी होते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने सगळ्या नवजात बाळांसाठी ती सुरू केली आणि २०१८ च्या अखेरपर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत ती पोचली. अकरा ठिकाणच्या तीस लाखांवर बाळांच्या तपासणीतून दर ५८ हजारांमागे एक स्किडचं बाळ, असं प्रमाण २०१४ मध्ये पुढे आलं.

आपल्याकडे सरसकट सगळ्या बाळांची अशी तपासणी होत नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली एनआयआयएच ही आयसीएमआरची संस्था अशा जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान करते. पण बाळ तिथवर पोचतं ते बहुधा आजारी पडल्यावर. त्यात भारतातला एक पेच अमेरिकेत नाही. आपल्याकडे जन्मतःच बीसीजीची लस दिली जाते, आणि तिच्यात क्षयजंतूच्या जातीचे जिवंत, पण दुर्बळ केलेले जंतू असतात. टी पेशी असलेल्या बाळाला त्यांचा त्रास होत नाही. स्किडच्या बाळात मात्र ते अंगभर पसरू शकतात. टाचेच्या थेंबाची तपासणी झाली तरी तिचा निकाल हाती यायला काही दिवस लागतात, आणि लस सहसा रुग्णालयातून घरी जाण्याआधीच टोचलेली असते.